प्रकाशाची मोजदाद

आमचें धुळें अदमासावर चालणारें गांव आहे, असें म्हटल्यास गांवकरी रागावणार नाहींत. घड्याळांत बारा वाजतात तेव्हां सूर्य माथ्यावर यावयास सरासरीनें अर्धा तास अवकाश असतो. कारण घड्याळ ८२.५ अंशांच्या रेखावृत्ताचें आणि आम्ही ७४.८ अंशांवरचे. तरी कोणाचें अडत नाहीं. मग प्रकाश एका सेकंदांत किती आंदोलनें करतो, याची चौकशी आम्हीं कां करावी?

हेलियम-निऑन लेसरचा तांबडा प्रकाश सेकंदास सुमारें ४७४ लक्ष कोटी आंदोलनें करतो. मोजावयाचा पदार्थ असा जलद, आणि त्यांतून लेसर स्वभावानें चंचल! म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यास समोरासमोरच्या दोन आरशांच्या कोठडीशीं बांधून घातलें. आरशांमधील अंतरांत अर्धलाटा नेमक्या पूर्ण संख्येनें बसल्या, तरच प्रकाश आंत टिकतो. जरा ढळला कीं परतलेला प्रकाश चुगली करतो आणि लेसरला सांवरतां येतें. ही युक्ति ड्रेव्हर, हॉल प्रभृतींनीं १९८३ मध्यें प्रसिद्ध केली. पुढें समान अंतरावर दांते असलेली प्रकाशाची ‘फणी’ निघाली व ही मोजणी विद्युत्-यंत्रांच्या आवांक्यांत आली. या कामासाठीं हॉल व हेन्श २००५ च्या नोबेल पारितोषिकाचे वांटेकरी झाले.

परंतु सारी भिस्त कोठडीच्या लांबीवर. दहा सेंटिमीटरांची कोठडी एका प्रोटॉनाच्या रुंदीइतकी वाढली, तरी सेकंदास सुमारें ८ आंदोलनांचा फरक पडतो. आग्रा रोडवरची एखादी मालमोटार किंवा आमचा वैशाख तिला पुरे! म्हणून ती अत्यल्प प्रसरणाच्या कांचेची करतात, निर्वातांत ठेवतात, हादऱ्यांपासून जपतात. आणि इतकें करूनहि तिच्यावर विसंबत नाहींत. कांच हळूहळू आकसते, म्हणून शेवटीं अणूची साक्ष काढतात. पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेंत शुभदीप डे यांच्या प्रयोगशाळेनें यटर्बियमचा एकच आयन कोंडून, त्याच्या साक्षीवर चालणारें घड्याळ उभारण्याचें काम हातीं घेतलें आहे.

येथें आम्हांस इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण होते. १९२६ मध्यें धुळ्यासच देह ठेवणाऱ्या या संशोधकानें बखरींतील हकीकत अस्सल पत्राशीं ताडून पाहण्याचा आग्रह धरला. बखर सांगणाराच्या हातीं थोडी ढळते; त्या वेळचें पत्र तिला जागेवर आणतें. कोठडी आणि अणु यांचें नातें असेंच आहे. हातचें माप कितीहि चांगलें असलें, तरी त्याहून स्थिर साक्षीदार शोधीत राहावयाचें, हा दोन्हीकडचा धर्म. ज्या गांवानें १९२७ पासून राजवाडे संशोधन मंडळांत जुने कागद जपले, त्या गांवास प्रकाशाची ही मोजदाद परकी वाटण्याचें कारण नाहीं.