शून्य नोंदींचा अर्थ

जुन्या मराठी ग्रंथांची एक सूची डेटाबेसच्या रूपात आहे. तिच्यात शोध घेणारे साधन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या 'एजंटां'ना वापरता यावे, म्हणून त्या साधनाचे वर्णन लिहिण्याचे काम अलीकडे माझ्याकडे आले. काम तांत्रिक आहे असे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात ते भाष्य लिहिण्याचे निघाले.

एजंट म्हणजे विचारलेला प्रश्न वाचून, कोणते साधन केव्हा वापरायचे हे स्वतः ठरवणारा आणि हाती आलेल्या नोंदींवरून उत्तर रचणारा प्रोग्रॅम. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुल्या केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल'मध्ये अशा प्रत्येक साधनाला एक नाव असते, साध्या भाषेतले वर्णन असते आणि त्याला कोणती माहिती पुरवावी याचा आराखडा असतो. साधनाच्या पोटात काय आहे हे एजंटाला दिसत नाही. नाव हे सूत्र मानले, तर वर्णन हे त्यावरचे भाष्य. आणि या वाचकाला दुसरा कोणताही टीकाकार उपलब्ध नसतो.

माझ्यापुढे आलेल्या कच्च्या मसुद्यात एकच वाक्य होते : 'ग्रंथसूचीत शोध घेते.' वाक्य खरे होते, पण अपुरे. हरिभाऊ आपटे यांच्या कादंबरीचे नाव जुन्या लेखनात 'पण लक्षांत कोण घेतो' असे आढळते. आज आपण 'लक्षात' लिहितो. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले, परंतु त्याआधी छापलेल्या शीर्षकपृष्ठांवर ते तसेच राहिले. आपल्या डोळ्यांना तो ठिपका अडवत नाही. अक्षरे तंतोतंत जुळवणाऱ्या यंत्राच्या लेखी मात्र तो स्वतंत्र वर्ण आहे. नव्या लेखनाने शोधले, तर शून्य नोंदी येतात आणि एजंट निःशंकपणे सांगतो, 'असा ग्रंथ नाही.' हरिभाऊंच्या बाबतीत विद्यार्थी त्यावर विश्वास ठेवणार नाही. एखाद्या विस्मृत लेखिकेच्या एकुलत्या एक पुस्तकाबाबत तो ठेवील, आणि ते पुस्तक दुसऱ्यांदा विस्मृतीत जाईल.

शोधताना सगळेच अनुस्वार दुर्लक्षावेत, असा उपाय सुचवला गेला. पण मग 'चिंता' आणि 'चिता' एक होतात. काही अडचणी प्रोग्रॅममध्ये सुटतात; उरलेल्या शब्दांत सांगाव्याच लागतात.

वर्षाचेही तसेच. १८५७ साली निघालेल्या ग्रंथावर शके १७७९ असू शकते. फरक ७८ चा, आणि इसवी सनाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ७९ चा. आराखड्यात नुसते 'वर्ष' लिहिले, तर १८०० म्हणजे इसवी सन १८०० की शके १८००, म्हणजेच १८७८, हे वाचणाऱ्याने कशावरून ठरवायचे? शिवाय साधन एका वेळी वीसच नोंदी देते. हे न सांगितल्यास वीस नोंदी पाहणारा एजंट सूचीत एकूण वीसच ग्रंथ आहेत असे मानून चालेल.

यातली एकही गोष्ट नवी नाही. जुन्या ग्रंथालयांतील अनुभवी ग्रंथपालांना हे सारे ठाऊक असते. 'अनुस्वार देऊन बघा', 'शके असेल ते', अशी वाक्ये वाचकांनी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकलेली असतात. ती कोणी लिहून ठेवली नाहीत, कारण विचारायला माणूस होता. एजंट त्या टेबलापाशी कधीच येत नाही, म्हणून ते बोलणे आता प्रथमच लेखी उतरवावे लागले. यंत्रासाठी हे श्रम आपण तत्परतेने घेतो आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यापुढे मात्र नुसती शोधाची चौकट ठेवतो, ही विसंगती मला लिहिताना सतत बोचत राहिली.

अखेर वर्णनात मी हे लिहिले : 'शून्य नोंदी आल्यास ग्रंथ अस्तित्वात नाही असे सांगू नये. प्रथम जुन्या लेखनाने, मग केवळ ग्रंथकाराच्या नावाने शोधावे. तरीही न मिळाल्यास "या सूचीत आढळला नाही" एवढेच म्हणावे.' संशोधनाच्या पहिल्या तासाला आपण विद्यार्थ्यांना जे शिकवतो किंवा शिकवायला हवे, ते याहून फारसे वेगळे नाही. ते पान छापून मी शोधाच्या संगणकाशेजारी ठेवले आहे.