मृगाचा किडा

कालिदासाच्या ‘ऋतुसंहारा’तील वर्षावर्णन शिकवताना ‘इंद्रगोप’ हा शब्द आला की ‘पावसाळ्यातला लाल मखमली कीटक’ एवढे सांगून मी वर्षानुवर्षे पुढे जात असे. एका जूनमध्ये एका विद्यार्थ्याने त्याचे पाय मोजून दाखवले. आठ! म्हणजे हा कीटकच नव्हे, कोळ्या-विंचवांचा आप्त. खजील झालो खरा; पण मृगाच्या किड्याकडे नीट पाहिले ते त्याच दिवशी.

छत्रपती संभाजीनगरची ही भूमी पर्जन्यछायेतली. वर्षातला बहुतेक काळ हा जीव मातीत दडून असतो आणि पहिल्या सरींनी माती भिजली की वर येतो. त्याची पिल्ले टोळांसारख्या कीटकांच्या अंगावर वाढतात. म्हणजे ओल हवी, गवत हवे, टोळही हवेत. पंचांगाशी त्याचा करार नाही. मृग ८ जूनच्या सुमारास लागतो. पाऊस पुष्कळदा आर्द्रांची वाट पाहतो, आणि नावात मृग असलेला हा पाहुणाही.

सातारा डोंगराच्या पायथ्याशी आमचे घर आहे. चिखल नको म्हणून मीच हौसेने अंगणात फरशी बसवून घेतली. त्यानंतर तो तिथे दिसलेला नाही.

यंदा तो शब्द आला तेव्हा पुस्तक मिटले आणि मुलांना हिमायतबागेत नेले. सर नुकतीच येऊन गेली होती. दोन सापडले.