ओकवनांतील तबकड्या

लॉस एंजलिसच्या ईशान्येस पॅसाडीना नांवाचें एक टुमदार शहर आहे. त्या शहराच्या वायव्य टोंकाला, सॅन गॅब्रिएल पर्वताच्या अगदीं पायथ्याशीं, एक रुंद पात्र डोंगरांतून खालीं उतरतें. वर्षांतले बहुतेक महिने त्यांत पाणी म्हणून नसतें. म्हणूनच स्पॅनिश लोकांनीं त्याला 'आरोयो सेको', म्हणजे सुका ओढा, असें नांव दिलें. मात्र पाऊस सुरू झाला कीं हाच ओढा असा कांहीं खवळतो कीं त्याच्या पुराला आळा घालण्यासाठीं १९२० सालीं 'डेव्हिल्स गेट' नांवाचें धरण बांधावें लागलें. या धरणाच्या वरच्या अंगाला, खोलगट पात्राच्या पश्चिम कांठीं, ओक वृक्षांची एक जुनी राई आहे. पुतण्याच्या घरीं एक हिवाळा काढण्याचा योग आला त्या वेळीं माझ्या बहुतेक सकाळी या राईंत गेल्या. आणि त्या कशा गेल्या हें सांगावयाचें तर एका खेळाची व एका जुन्या दुखण्याची हकीकत सांगणें प्राप्त आहे.

पूर्वीं या जागेला नुसतें 'ओक ग्रोव्ह पार्क' म्हणत. आतां तिला 'हाहामोंग्ना' असें, या भूमीच्या मूळच्या टोंग्वा रहिवाशांकडून आलेलें, जुनें नांव पुन्हां मिळालें आहे. येथील ओकचें पान लहान, जाड आणि कांठाला कांटे असलेलें असतें, आणि तें हिवाळ्यांतही झडत नाहीं. बुंधे वांकडेतिकडे, फांद्या जमिनीला टेंकूं पाहणाऱ्या. तिकडे पाऊस हिवाळ्यांतच पडतो, त्यामुळें आपल्याकडे श्रावणांत दिसावी तशी हिरवळ तेथें माघांत दिसते, आणि मान वर करावी तों पर्वतशिखरांवर बर्फाची रेघ! एक सुतारपक्षी खोडाला शेंकडों भोंकें पाडून प्रत्येकांत ओकचें एकेक फळ ठोकून बसवितो. आमच्या आजीची लोणच्यांची फळी मला त्या खोडापाशीं हटकून आठवे.

या राईंत जो खेळ चालतो त्याचें नांव डिस्क गोल्फ. खेळ गोल्फचाच, पण काठी व चेंडू यांच्या जागीं हातानें फेंकावयाची तबकडी, आणि खळग्याच्या जागीं खांबाला टांगलेल्या साखळ्या व त्यांच्याखालीं लोखंडी टोपली. जितक्या कमी फेंकींत तबकडी टोपलींत पडेल तितकें चांगलें. एड हेड्रिक नांवाचा एक गृहस्थ 'व्हॅम-ओ' या खेळणीं करणाऱ्या कंपनींत होता. फ्रेड मॉरिसन यानें काढलेली उडती तबकडी याच कंपनीनें १९५७ सालीं विकावयास आणली होती. तिच्या पाठीवर वर्तुळाकार वळ्या काढून तिचें उड्डाण अधिक स्थिर केलें तें या हेड्रिकनें. १९७५ सालीं त्यानें या राईंत या खेळाचें पहिलें कायमचें मैदान आंखलें. आरंभीं लक्ष्य म्हणून जमिनींत नुसते खांब रोवले होते. पण तबकडी खांबाला लागली कीं नुसती चाटून गेली यावर तंटे होत. म्हणून त्यानें साखळ्यांची टोपली योजिली आणि १९७७ सालीं तिचें पेटंट मिळविलें. २००२ सालीं तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याची रक्षा प्लास्टिकांत मिसळून तबकड्या घडविण्यांत आल्या. नाशिक-प्रयागाची संवय असलेल्या आपल्या मनाला हें प्रथम चमत्कारिक वाटतें. मलाही वाटलें, पुढें वाटेनासें झालें.

आतां दुखण्याविषयीं. वयाच्या सतराव्या वर्षीं मल्लखांबावरून निसटून माझा उजवा खांदा निखळला. त्या दिवशीं तालमींत जाऊं नको असें वडिलांनीं बजावलें असतांना मी गेलों होतों. वस्तादांनीं खांदा तेथल्या तेथें बसविला, आणि मीं घरीं येऊन अवाक्षर काढलें नाहीं. खांदा बसला खरा, पण हात कानाच्या वर सुखानें कधीं गेला नाहीं. आमचें घर मोठें, माणसें वीस-पंचवीस. माळ्यावरचा हंडा काढावयाचा झाला, दिवाळींत उंच आकाशकंदील टांगावयाचा झाला, कीं मी दुसऱ्या कामाला निघून जात असें. भाऊ मला कामचुकार म्हणत, आणि तें मीं चालवून घेतलें. एकदां झांकलेली गोष्ट उघडी करण्याला जें निमित्त लागतें तें कधीं आलेंच नाहीं. वडील गेले तेव्हां मीं त्यांना डावा खांदा दिला. हें कोणाच्या लक्षांत आलें नाहीं, माझ्या आलें.

अशा माणसानें फेंकण्याच्या खेळाच्या वाटेस जाऊं नये हें खरें. परंतु पुतण्या दर रविवारीं राईंत जाई, मी बांकावर बसून पाहत असें, आणि तबकडी झाडांच्या दोन रांगांमधून सावकाश वळत जातांना पाहून हात शिवशिवूं लागे. एके दिवशीं कोणास न सांगतां मी दुकानांत गेलों आणि पुतण्याच्या पिशवींत पाहिली होती तसलीच एक तबकडी घेतली: वजन १७५ ग्रॅम, पाठीवर वेगाचा आंकडा १२. विक्रेत्या मुलानें "पूर्वीं खेळला आहांत काय?" असें विचारलें, मीं मान डोलविली. आतां यांत त्याचा काय दोष?

दुसऱ्या दिवशीं राईंत कोणी नाहीं असें पाहून मीं ती फेंकली. ती वीस पावलें गेली आणि डावीकडे वळून जमिनींत रुतली. पुन्हां फेंकली, पुन्हां तेंच. तिसऱ्या वेळीं सर्व जोर लावला, आणि खांद्यांत जें कांहीं चमकलें तें मला चाळीस वर्षांपूर्वींच्या मातींत घेऊन गेलें.

घरीं आल्यावर दोन दिवस मीं लपविलें. तिसऱ्या दिवशीं सदरा अंगांत घालतांना माझी चाललेली कसरत सूनबाईनें पाहिली. ती दार लोटून आंत आली आणि म्हणाली, "काका, हा खांदा काल-परवांचा नाहीं. किती वर्षांचा आहे तें सांगा." मीं सांगितलें. मल्लखांबापासून खांदा देण्यापर्यंत सारें सांगितलें. ती ऐकत राहिली, मग गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. "आतां पुन्हां खेळावयाचें तर विचारून खेळूं," एवढेंच बोलली.

तीन आठवडे विश्रांति, मग व्यायामोपचार जाणणाऱ्या बाईंकडे फेऱ्या. त्यांचा निर्णय असा: हात खांद्याच्या वर नेऊन फेंकणें वर्ज्य, छातीच्या उंचीवरून, उभ्या जागीं, थोडथोडें फेंकण्यास हरकत नाहीं, दुखलें कीं थांबावें. डाव्या हातानें फेंकून पाहावें असें मीं मधल्या काळांत ठरविलें होतें, पण तबकडी पुढें जाण्याऐवजीं माझ्या पाठीमागें गेली, तेव्हां तो बेत सोडून दिला.

राईंत रोज सकाळीं येणारा एक वृद्ध खेळाडू होता. त्याच्या गुडघ्याला पट्टा बांधलेला असे. मला नुसता बसलेला पाहून त्यानें विचारलें, "तुमचें काय गेलें आहे?" नमस्कार-चमत्कार नाहीं, नांव-गांव नाहीं! मीं खांद्याला हात लावला. त्यानें समाधानानें मान हालविली आणि आपली पिशवी उघडली. पुतण्याच्या पिशवींत वीस तबकड्या होत्या. याच्या पिशवींत तीन.

त्याच्याकडून जें शिकलों तें असें. तबकडीच्या पाठीवर बहुधा चार आंकडे छापलेले असतात. पहिला वेगाचा. हा वेग तबकडी आपल्याला देत नाहीं, ती तो आपल्याकडे मागते. बारा वेगाची तबकडी तितक्या जोरानें सुटली नाहीं तर तिचें पुढचें कार्य सुरूच होत नाहीं. शिवाय अशा तबकडीची कड दोन सेंटिमीटरांहून रुंद असते. ती धरावयास मूठ घट्ट आवळावी लागते, आणि मूठ आवळली कीं मनगट, कोपर व खांदा ओळीनें ताठरतात. दुसरा आंकडा तरंगण्याचा. तो जितका मोठा तितकी ती हवेंत अधिक वेळ राहते, म्हणजे जें काम दंडानें करावयाचें त्यांतलें थोडें हवा करते. तिसरा आंकडा आरंभींच्या वळणाचा व चौथा शेवटच्या कलण्याचा. उजव्या हातानें, हात छातीवरून आडवा आणून फेंकलेली तबकडी वरून पाहतां घड्याळाच्या काट्याप्रमाणें फिरते. वेग भरांत असतांना ती उजवीकडे झुकूं पाहते, वेग ओसरला कीं डावीकडे कलते. ज्याचा जोर कमी त्याला उजवीकडचें झुकणें मिळतच नाहीं, नुसतें डावीकडचें कलणें मिळतें. म्हणून त्यानें तिसरा आंकडा उणा असलेली व चौथा लहान असलेली तबकडी घ्यावी. तरुणांच्या हातून जी तबकडी उजवीकडे भरकटते, तीच आमच्यासारख्यांच्या हातून सरळ जाते.

वजनाची गोष्ट निराळी. नियमाप्रमाणें व्यासाच्या दर सेंटिमीटरास ८.३ ग्रॅमपर्यंत वजन चालतें, म्हणजे साधारण एकवीस सेंटिमीटरांची तबकडी पावणेदोनशें ग्रॅमपर्यंत असूं शकते. जड तबकडी वाऱ्याला दाद देत नाहीं, म्हणून तरुण मंडळी जडच घेतात. हलकी, दीडशें ग्रॅमच्या आसपासची, सहज फिरते आणि सांध्याला ओढ कमी लावते. मात्र डोंगराकडून वारा सुटला कीं ती पत्रावळीसारखी उडते. "वारा असेल त्या दिवशीं घरीं बसा," हा त्याचा तोडगा. तळ्याच्या पाण्यावर खापरी उड्या घेत जावी म्हणून मुलें जसा हात बाजूनें झटकतात, तशीही तबकडी फेंकतां येते. तरुण ती फेंक आवडीनें करतात, पण ती कोपर-खांद्याला जाचते, म्हणून माझ्यापुरती तीही बाद. राहिली एकच फेंक. तिच्यांतही जोर पायांतून व कमरेंतून यावयाचा, हात नुसता दोरीसारखा मागून यावयाचा. आमचे वस्तादही मल्लखांबावर हेंच सांगत. मला तें कळावयास पॅसाडीनास जावें लागलें.

त्यानें पहिला महिनाभर मला एकच तबकडी फेंकूं दिली: टोपलीजवळ वापरतात ती, 'एव्हिअर' नांवाची, वेग २. तिची कड अरुंद व बोथट असते. बोटें पसरून, मूठ न आवळतां ती धरतां येते. साठ-सत्तर फुटांपलीकडे माझी मजल गेली नाहीं, पण दुखलेंही नाहीं. मग मी सूनबाईसह पुन्हां दुकानांत गेलों. या खेपेस भिंतीवरच्या नव्या झळकत्या मालाकडे न पाहतां खालच्या पेटींतल्या वापरलेल्या तबकड्या चाळल्या. साध्या, मऊ प्लास्टिकची तबकडी झाडांवर आपटून लौकर झिजते, आणि झिजली कीं तिचें शेवटचें कलणें कमी होऊन ती आणखी सौम्य होते. खरीखुरी खोट, पण माझ्या उपयोगाची. एक 'लेपर्ड' सांपडली: वेग ६, तरंगणें ५, वळण उणें २, कलणें १, वजन दीडशेंच्या थोडें वर, कडेला ओरखडे, मधोमध कोणाचें तरी पुसट झालेलें नांव. सूनबाईनें ती हातांत घेऊन पाहिली आणि म्हणाली, "काका, हिचाही खांदा गेलेला दिसतो." बारा वेगाची तबकडी मीं त्याच पेटींत टाकून दिली.

त्या लेपर्डनें मला राई दाखविली. तोंवर मीं ती बांकावरूनच पाहिली होती. आतां तबकडीमागें चालतां चालतां कोणत्या ओकची फांदी कोठें आडवी येते, ओढ्याकडून धुकें किती वाजतां वर सरकतें, हें कळूं लागलें. झुडपांत शिरतांना मात्र जपावें लागतें. तेथें 'पॉइझन ओक' नांवाची तीन-तीन पानांची वनस्पति वाढते. तिचा ओकशीं कांहीं संबंध नाहीं. ती आपल्या बिब्याच्या कुळांतली, आणि अंगावर उततेही बिब्यासारखीच.

राईच्या उत्तरेला लागून जेट प्रॉपल्शन प्रयोगशाळेच्या इमारती आहेत. १९३६ सालीं कांहीं तरुणांनीं याच ओढ्याच्या पात्रांत अग्निबाण पेटवून पाहिले, त्यांतून ही संस्था उभी राहिली. १९७७ सालीं तिच्या दोन 'व्हॉयेजर' यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली, बारा इंची, तांब्याची एकेक गाण्याची तबकडी अवकाशांत गेली. तींत आपल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. गोव्यांतील केरी गांवच्या या बाईंचा आवाज मनुष्यानें फेंकलेल्या सर्वांत दूरच्या तबकडीवर आहे, हें मीं त्या गुडघेवाल्या वृद्धाला सांगितलें. त्यानें यानाच्या दिशेची चौकशी केली, वर पाहिलें, आणि "वारा नसेल तिकडे," असें म्हणाला.

निघण्याच्या आदल्या दिवशीं लेपर्ड हरवली. उतारावरच्या त्या बिब्याच्या बहिणीच्या जाळींत ती शिरली, आणि सूनबाईनें मला पुढें जाऊं दिलें नाहीं. तेथील रिवाजाप्रमाणें तबकडीच्या पोटावर मालकाचें नांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहितात. क्रमांक पुतण्याचा होता, नांव मात्र मीं देवनागरींत लिहिलें होतें. पुण्यास पोंचून आठवडा झाला नसेल तोंच पुतण्याचा फोन आला. कोणा मुलीला तबकडी सांपडली होती. ही अक्षरें म्हणजे कारखान्याचें चिन्ह कीं काय, असें तिनें विचारलें म्हणे. ती आतां त्याच्या घरीं दाराजवळच्या खुंटीवर, माझ्या छत्रीशेजारीं आहे. फोनवर थोरले बंधू शेजारींच होते. "कसली तबकडी?" असें त्यांनीं विचारलें, आणि मीं तालमीपासून सांगावयास सुरुवात केली.