ढगाळ दिवसाचे छायाचित्र

छायाचित्र काढावे ते लख्ख उन्हातच, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून गेल्या पावसाळ्यात दोनदा मुळशीला जाऊनही, आभाळ भरलेले पाहून मी हिरमुसून परतलो. तलावाचा फोटो आजीसाठी हवा होता. तिच्या आईचे माहेर या पाण्याखाली गेले. टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. तरीही धरण झालेच. भिऱ्याच्या वीजगृहात आज याच पाण्यावर वीज तयार होते.

ऑगस्टमधल्या उघडिपीत एकदाचे ऊन सापडले. फोटो पाहून आजी म्हणाली, "बाळा, हे नुसतं चकाकतंय. डोंगर कुठाय?" खरेच, पाण्यावरच्या झळाळीपुढे डोंगर काळाठिक्कर पडला होता.

आमच्या गल्लीत फोटो स्टुडिओ चालवणाऱ्या काकांना मी तो दाखवला. ते हसून म्हणाले, "अरे, ढग म्हणजे उन्हाला लावलेला पडदा. उजेड गाळून येतो, गडद सावल्या पडत नाहीत. मात्र ढगाळ आभाळ जमिनीपेक्षा फार उजळ असतं. जमीन नीट यावी म्हणून प्रकाश वाढवलास की आभाळ कोऱ्या कागदासारखं येतं. म्हणून चौकटीत त्याला थोडीच जागा द्यायची. आणि उजेड कमी असतो, तेव्हा कॅमेरा हातात न धरता स्टँडवर ठेव."

सप्टेंबरअखेर पुन्हा पौडमार्गे जाणारी एस.टी. धरली. पाऊस थांबला होता, पण ढग होते, आणि तेही उंचावर. ऊन नव्हते म्हणूनच की काय, हिरव्या रंगाच्या कितीतरी छटा दिसत होत्या. भिजलेले कातळ काळेभोर, पाणी शांत. पलीकडे एकामागे एक डोंगररांगा, मागची पुढचीपेक्षा थोडी फिकट. वर आभाळाची अरुंद पट्टी ठेवून मी बटण दाबले.

आजीने चष्मा पुसून फोटो डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ काही बोलली नाही. मग एका खिंडीवर बोट ठेवून म्हणाली, "आई सांगायची, घराच्या ओट्यावर बसलं की समोर डोंगरातली खाच दिसायची. ही तीच असेल."

तिचे बोट हळूहळू खाली, पाण्यावर आले आणि तिथेच थांबले.

आता आभाळ भरून आले, की मी कॅमेरा पिशवीत ठेवत नाही, बाहेर काढतो.