उलटी बाजू

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाद नको. मी ऑनलाइन खरेदीच्या पार्टीतला माणूस आहे. राउटर, पुस्तकं, मिक्सरचं भांडं, अगदी पायातल्या चपलासुद्धा घरबसल्या मागवतो आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

कारण मी आधीचे दिवस पाहिलेत. कॉलेजात असताना डेटाबेसचं एखादं बरं पुस्तक हवं असलं की नाशकात उत्तर ठरलेलं : "ऑर्डर टाकतो, आठ दिवसांनी चक्कर मारा." तशा तीन चकरा झाल्या की माणूस मुकाट्याने एसटी पकडून पुण्याला, अप्पा बळवंत चौकात. २००७ साली फ्लिपकार्ट सुरू झालं तेही पुस्तकं विकत, आणि २०१० मध्ये त्यांनी 'माल हातात आल्यावर पैसे द्या' आणलं, तेव्हा क्रेडिट कार्ड नसलेल्या माझ्यासारख्यांची मोठीच सोय झाली.

शिवाय ते दुकानातलं वातावरण! मेन रोडच्या गर्दीत गाडी लावायला जागा शोधायची, घामाघूम होऊन आत शिरायचं, आणि गादीवरचा माणूस आधी तुमच्या चपलांकडे बघणार, मग विचारणार "बजेट काय?" भिंतीवर पाटी : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. माझी बहीण तर म्हणते, आतले कपडे काउंटरवरच्या चार पुरुषांसमोर मागायची वेळ गेली, एवढ्यासाठी तरी इंटरनेटला शंभर गुन्हे माफ. मला पटतं.

तर मंडळी, याच बहिणीचं लग्न ठरलं. आईने पैठणीसाठी तीन वर्षं रिकरिंग भरलेलं. मी आपला लॅपटॉप उघडून बसलो. 'शुद्ध सिल्क पैठणी', किंमत १,७९९, तारे चार-साडेचार. प्रतिक्रिया वाचल्या तर "रंग छान", "डिलिव्हरी वेळेत", "पॅकिंग मस्त". म्हणजे तारे खोक्याला मिळाले होते. साडी हातमागाची आहे का, यावर कोणी चकार शब्द लिहिलेला नाही. लिहिणार तरी कसं? घेणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

आईने चष्मा लावून नऊच्या नऊ फोटो बघितले आणि म्हणाली, "ह्याची उलटी बाजू कुठंय रे?"

नव्हतीच.

मग रविवारी येवला. नाशिकपासून साधारण ८० किलोमीटर, निफाड-विंचूर करत. ज्यांच्याकडे गेलो त्यांचा माग घराच्या पुढच्याच खोलीत. विणणारा पोरगा माझ्याहून लहान असेल. "या मावशी, बसा," म्हणाला आणि आईने न विचारताच पदर उलटा करून तिच्या हातात दिला. हातमागाच्या पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाचा धागा वेगळ्या छोट्या कांडीवरून येतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवतात. म्हणून मोर पुढून जसा दिसतो तसाच मागूनही. यंत्रमागावर धागे मागच्या बाजूने लांबच लांब तरंगत जातात, किंवा कापून टाकलेले असतात. बोट फिरवलं तरी कळतं.

दुसरी गोष्ट रंगाची. उभा ताणा एका रंगाचा आणि आडवा बाणा दुसऱ्या, म्हणून साडी हलवली की रंग बदलतो, त्याला धूपछाँव म्हणतात. दारात धरली तेव्हा हिरवी, खोलीत नेली की जांभळट! हे फोटोत येणारच नाही, कारण कॅमेरा एका क्षणी एकाच कोनातून बघतो. मी स्क्रीनवर पोट भरणारा माणूस, पण तिथे गप्प बसलो.

रेशीम कर्नाटकातून, जर सुरतेहून, आणि श्रम इथले. नक्षी साधी असेल तर काही आठवडे, पदर भरगच्च असेल तर महिनेच्या महिने. यंत्रमागावरची साडीही वाईट नसते बरं का, हळदीकुंकवाला झकास. फक्त तिने स्वतःला 'सेमी' म्हणवून घ्यावं. पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, पण शोधाच्या चौकटीत 'पैठणी' टाईप केलं की दोन्ही एकाच रांगेत येतात. त्यात 'किंमत : कमी ते जास्त' दाबलं की हा पोरगा चाळिसाव्या पानावर. तिथपर्यंत कोण जातंय? आणि तो क्रम लावणारा कोड आमच्यातलाच कोणीतरी लिहितो. त्यात मागावर गेलेल्या दिवसांचा रकानाच नसतो.

कायदा सुधारलाय, नाही असं नाही. २०२० पासून विक्रेत्याची माहिती आणि माल कुठल्या देशातला हे पानावर द्यावं लागतं, आणि फसवणूक झाली तर तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते. चांगलंच आहे. पण 'देश : भारत' वाचून माग हाताचा की विजेचा ते कुठे कळतंय?

असो. साडी घेतली. भाव दीड तास चालला, त्यात चहा दोनदा झाला. मधेच आई "दादा, लग्नाचं घर आहे हो" म्हणाली आणि त्याने हसून पाचशे कमी केले. रिकरिंगमधले पुरले, वर थोडे मी घातले.

गंमत पुढे आहे. लग्नात ती साडी बघून नागपूरच्या आत्यालाही तसलीच हवी झाली. तिचं येवल्याला जाणं होणार नव्हतं. त्या पोराने व्हिडिओ कॉल लावला, साडी आधी दारात धरली, मग आत नेली. आत्याने पैसे यूपीआयने पाठवले, साडी कुरियरने गेली. आता ही खरेदी ऑनलाइन धरायची की दुकानातली, ते तुम्हीच ठरवा. मी आईला सांगितलं तर तिने एवढंच विचारलं, "पदर उलटा करून दाखवला ना त्याने?"