घरात कोण कोण राहतं?

संपादकांच्या पत्रात दोन अटी होत्या. इंग्लंडमधल्या पाळणाघरांवर लिहा, आणि फार तांत्रिक नको. पहिली मी मोडणार आहे, कारण मी पाळणाघरांची नव्हे, चाइल्डमाइंडरांची माणूस आहे. दुसरी मोडायची इच्छा नाही. पण मोडली जाईल असा माझा मलाच संशय आहे.

चाइल्डमाइंडर म्हणजे स्वतःच्या राहत्या घरात, पैसे घेऊन, दुसऱ्यांची मुलं सांभाळणारी व्यक्ती. बहुतेक बायका, थोडे पुरुष. मी रेडिंगला राहते. बरीच वर्षं हे काम मी स्वतः केलं. आता ज्यांना ते सुरू करायचं आहे त्यांची नोंदणीपूर्वीची तयारी करून घेते. येणाऱ्यांत आपल्याकडच्या मुली पुष्कळ. नवरा आयटीत, स्वतः बी. ई. नाहीतर एम. कॉम., डिपेंडंट व्हिसावर आलेली, मूल दोन वर्षांचं. नर्सरीचा खर्च झेपत नाही आणि घरी बसवत नाही. मग कुणीतरी सुचवतं, "अगं, आपलं एक सांभाळतेसच, आणखी दोन सांभाळ."

हे वाक्य मी इतकं ऐकलंय की आता त्यावर हसतही नाही. पुण्यात नातेवाइकांकडे गेले की त्याचीच दुसरी बाजू कानावर येते: "पोरं सांभाळायला कसलं आलंय लायसन? आम्ही चार वाढवली, कुणाला विचारलं होतं?" विचारलं नव्हतं, कारण ती तुमची होती. दुसऱ्याचं मूल पैसे घेऊन बंद दाराआड ठेवलं की कुणीतरी विचारायला हवं, एवढंच या लायसनचं म्हणणं आहे.

ते म्हणणं आलं कुठून, हे सांगायला रेडिंगइतकं योग्य गाव नाही. मार्च १८९६ मध्ये इथल्या थेम्स नदीत कागदात गुंडाळलेलं एका अर्भकाचं प्रेत सापडलं आणि त्यावरून पोलीस अमेलिया डायर नावाच्या बाईपर्यंत पोहोचले. वर्तमानपत्रात जाहिरात द्यायची, लग्नाआधी बाळंत झालेल्या मुलींकडून एकरकमी पैसे आणि बाळ घ्यायचं, आणि बाळाचा निकाल लावायचा, हा तिचा धंदा होता. त्याच वर्षी जूनमध्ये तिला फाशी झाली. गंमत (शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही) अशी, की बाळं सांभाळणाऱ्यांनी नोंद करावी असा कायदा १८७२ पासून होता. तो एकाहून जास्त तान्ही मुलं ठेवणाऱ्यांनाच लागू होता. एकच ठेवलं तर कुणी विचारायचं नाही. पुढे १८९७ मध्ये कायदा कडक झाला. दिवसापुरती मुलं सांभाळणाऱ्यांसाठी वेगळा कायदा यायला १९४८ उजाडलं. आणि तरी १९७० च्या दशकात ब्रायन जॅक्सन नावाचा अभ्यासक हडर्सफील्डच्या गल्ल्यांत पहाटे उभा राहून पाहत होता, की गिरणीत कामाला जाणाऱ्या आया आपली मुलं कुठल्या दारात सोडतात. त्यांतली कितीतरी दारं कुठल्याच नोंदवहीत नव्हती. २००१ मध्ये हे काम नगरपालिकांकडून काढून ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या यंत्रणेकडे दिलं गेलं. २००६ चा चाइल्डकेअर अॅक्ट आज लागू आहे.

आता माझा आवडता वाद. संपादकांनी इथे कात्री चालवली नाही तर उपकार होतील.

नियम असा: आठ वर्षांखालचं मूल, घरगुती जागा, दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वेळ, आणि मोबदला. चारही जुळलं तर नोंदणी सक्तीची. यात सगळी गोम 'मोबदला' या एका कलमात. २००९ मध्ये बकिंगहॅमशायर भागातल्या दोन पोलीस महिलांची बातमी देशभर गाजली. दोघी मैत्रिणी, एकच नोकरी अर्धी-अर्धी वाटून घेतलेली. एक कामावर असली की दुसरी दोघींच्या मुली सांभाळायची. पैशाची देवाणघेवाण शून्य. कुणीतरी कळवलं, ऑफस्टेडची तपासनीस आली आणि म्हणाली, हे बेकायदा आहे. फुकट मिळणारी देखभाल हाच मोबदला. वर्तमानपत्रांनी 'मैत्रीवर बंदी' अशा थाटात झोड उठवली. पण कायद्याचा शब्द खरोखरच तेवढा रुंद होता. तपासनीस मूर्ख नव्हती, वाचून आली होती. गदारोळानंतर सरकारने सूट दिली. सूट नेमकी काय, हे मात्र कुणी वाचत नाही. सांभाळणारी व्यक्ती आई-वडिलांची मैत्रीण असली पाहिजे आणि पैसे दिले-घेतले जाता कामा नयेत. दोन्ही एकदम. आपल्याकडच्या बायका पहिल्या अटीवर खूश होतात आणि दुसरी विसरतात. मूल दिवसभर सांभाळल्याबद्दल मैत्रिणीच्या हातात दरमहा शंभर पौंड ठेवले, 'भाजीपाल्याला असू देत' म्हणून, की सूट संपली. संध्याकाळी सहा ते रात्री दोनपर्यंत सांभाळलं तर नोंदणी लागत नाही. मुलाच्याच घरी जाऊन सांभाळलं तर तुम्ही चाइल्डमाइंडर नाही, नॅनी आहात. सख्ख्या आजीने फक्त नातवंडं सांभाळली तर काहीच नको. आजीने शेजारणीचं एक मूल रोज चार तास पैसे घेऊन ठेवलं तर आजीलाही नोंदणी. थांबते.

नोंदणीचा रस्ता तसा सरळ आहे. लांब आहे आणि क्रम चुकवला तर दमवतो. आधी लहान मुलांच्या प्रथमोपचाराचा बारा तासांचा कोर्स. त्याचं प्रमाणपत्र तीन वर्षं चालतं. बाहुलीच्या छातीवर दाब देताना सगळ्या गंभीर असतात. द्राक्ष उभं कापायचं, आडवं नाही, हे सांगितलं की हसतात. आणि पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा द्यायचा नाही म्हटलं की वाद घालतात. मग ईवायएफएसची तयारी. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वाढीचा आणि सुरक्षिततेचा हा सरकारी आराखडा २००८ पासून लागू आहे. त्यात शिकण्याची सात क्षेत्रं. इंजिनिअर मुली लगेच एक्सेल शीट बनवतात, सात रकाने, रंगीत. मी त्यांना सांगते, तपासनीस शीट मागणार नाही. 'हे मूल गेल्या महिन्यात काय नवीन करायला लागलं आणि त्यासाठी तुम्ही काय केलंत' असं विचारेल. बाल-संरक्षणाचं प्रशिक्षण वेगळं: अंगावर वळ दिसला तर कुणाला फोन करायचा, पालकांना आधी सांगायचं की नाही. इथे आपल्या मुली गप्प होतात. ओळखीच्या माणसाविरुद्ध कौन्सिलला फोन करायचा, हे पचत नाही.

चापट मारण्याचा विषय निघतोच. चाइल्डमाइंडरला आज ती पूर्ण बंद आहे. पण १९९४ मध्ये सटन इथल्या एका चाइल्डमाइंडरने 'मारणार नाही' असं लिहून द्यायला नकार दिला आणि उच्च न्यायालयात ती जिंकली. पालकांच्या संमतीने चापट चालेल ही सवलत २००३ पर्यंत होती. आपणच मागासलेले असं मानणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते.

मुलांचं गणितही सांगून टाकते. एका चाइल्डमाइंडरकडे एका वेळी आठ वर्षांखालची सहा मुलं, त्यांतली पाच वर्षांखालची जास्तीत जास्त तीन, आणि वर्षाच्या आतलं साधारणपणे एक. अपवाद आहेत, त्यात शिरत नाही. यात स्वतःची मुलं धरायची. म्हणजे घरात दोन वर्षांचं आपलं एक असेल तर त्या वयाची बाहेरची दोनच. 'आणखी दोन सांभाळ' म्हणणाऱ्याचा आकडा नकळत बरोबर येतो.

मग अर्ज, पस्तीस पौंड, दोन ओळखीच्या माणसांची नावं, तब्येतीचं निवेदन. गेल्या पाच वर्षांत परदेशात राहिला असाल तर तिथल्या सचोटीचा दाखला. आपल्या मुलींना तो बहुतेक लागतोच. विमा, आयकर खात्यात नोंद आणि भाड्याचं घर असेल तर घरमालकाची परवानगी. शेवटची सर्वात अवघड, पण त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

यानंतर तपासनीस घरी येतो. जिन्याला फाटक आहे का, औषधं कुठे, खिडकीच्या पडद्याची दोरी लोंबते का, मागच्या अंगणात पाणी साठतं का. मराठी घरात मी आणखी एक गोष्ट आधी पाहते: देवघर. समई, काडेपेटी, कापूर, गुडघ्याच्या उंचीवर आणि रांगत्या मुलाला आयतं. देव वरच्या फळीवर न्या, एवढं सांगते. कुणी अजून वाईट वाटून घेतलेलं नाही.

वाईट वाटतं ते अर्जातल्या दुसऱ्याच प्रश्नाचं: घरात सोळा वर्षांवरचं कोण कोण राहतं? प्रत्येकाची डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, होते. पुढे घरात असं कुणी नवीन राहायला आलं तर चौदा दिवसांत कळवावं लागतं.

मागच्या वर्षीची एक मुलगी. सांगलीकडची, तयारी इतकी चोख की मी तिची फाइल इतरांना नमुना म्हणून दाखवत असे. अर्जात तिने लिहिलं: मी, नवरा, मुलगी. अर्ज चालू असताना सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले. तिच्या हिशेबात ते पाहुणे. भेटीच्या दिवशी दार सासऱ्यांनीच उघडलं, निवृत्त मुख्याध्यापक, इंग्रजी उत्तम. तपासनीस बाईंनी सगळं घर पाहिलं, खूश दिसल्या, आणि वरच्या तिसऱ्या खोलीपाशी थांबून विचारलं, इथे कोण झोपतं? किती दिवस?

पुढचं तिने मला फोनवर सांगितलं. "ताई, बाबा सही करायला तयार नाहीत. म्हणतात, चाळीस वर्षं शाळेत घालवली, आता माझी पोलीस चौकशी?" मी तिच्या सासऱ्यांशी बोलले. ही चौकशी नाही, माझीही झाली आहे, माझ्या मुलाची सोळा पूर्ण झाल्यावर झाली, हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मी इंग्लंडात येऊन तीन महिने झाले. इथल्या नोंदीत माझ्याबद्दल काय सापडणार?" काही नाही, हे खरं उत्तर होतं आणि मी ते दिलं. मग कशाला, या प्रश्नाला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. तिने अर्ज मागे घेतला. निकाल लागायच्या आत घेतला हे बरं केलं, कारण नकार नोंदला गेला तर पुढे अपात्रता मागे लागते. सासरे परत गेल्यावर पुन्हा अर्ज करता येईल, पण ते दरवर्षी येणार आहेत आणि यायला हवेतही.

त्या घरात मुलांशी सगळ्यात छान कुणाचं जमायचं? सासऱ्यांचंच. शेजारच्या पोराला मांडीवर घेऊन अंक शिकवताना मी त्यांना पाहिलंय. नियमाला हे दिसत नाही, आणि दिसू नये असंच माझं मत आहे. मुलांना त्रास देणारा माणूस फार वेळा घरातला, ओळखीचा आणि मुलांशी छान जमणारा असतो, हे या क्षेत्रात काही वर्षं काढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. चेहरा बघून सूट द्यायची ठरवलं तर १८७२ च्या कायद्यासारखं होईल.

तरी मनात येतंच. २०१२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पन्नास हजारांवर नोंदणीकृत चाइल्डमाइंडर होत्या. २०२४ मध्ये सव्वीस हजारांच्या आसपास. सरकारने मध्यंतरी नव्याने येणाऱ्यांना सहाशे पौंड, आणि एजन्सीमार्फत येणाऱ्यांना बाराशे, असं अनुदानही देऊन पाहिलं. सहाशे पौंडांसाठी कुणी हे काम धरत नाही आणि सोडणाऱ्या कागदपत्रांनाच कंटाळून सोडतात असंही नाही. पैसा कमी, दिवस दहा तासांचा, आणि घर स्वतःचं राहत नाही. नियम ढिले करा असं मी म्हणणार नाही. सहा महिन्यांसाठी येणाऱ्या आजी-आजोबांचं काय करायचं, याचं साध्या भाषेतलं एक पान अर्जासोबत द्या, एवढं मात्र म्हणते.

ते पान येईपर्यंत, मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला निघालेल्या वाचकांना एक विनंती. तिकीट काढण्याआधी मुलीला किंवा सुनेला विचारा: तुझी नोंदणी आहे का, अर्ज चालू आहे का? असेल तर पासपोर्टवरचं पूर्ण नाव, जन्मतारीख आणि गेल्या पाच वर्षांचे पत्ते तिला आधीच पाठवून ठेवा, आणि तिथे पोहोचल्यावर फॉर्म समोर आला तर सही करा.