शेळगाव यायच्या आत

सतरा वर्षं सिगारेट ओढली. घर इंदापुरात, बारामतीच्या एमआयडीसीत पाळी, जायला-यायला मोटारसायकल. या रस्त्यावर माझ्या जागा ठरलेल्या होत्या. घरातून निघताना एक, निमगाव केतकीला चहाबरोबर एक, आणि हंगामात भवानीनगरला उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो की तिथे एक. सोडल्यावर खिसा रिकामा झाला, पण त्या जागा काही रस्त्यावरून हटल्या नाहीत.

पहिला दिवस जिद्दीवर निघाला. रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं आणि खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी तिसऱ्या दिवशी मी हादरलो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, डोकं जड, पोट साफ नाही. लेक पाण्याचा तांब्या घेऊन आली, थोडं पाणी सांडलं, आणि मी तिच्यावर असा ओरडलो की तांब्या तिथेच ठेवून ती आजीच्या मागे जाऊन उभी राहिली. ते आजही आठवतं आणि पोटात कालवतं.

त्याच संध्याकाळी पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, तलफ किती वेळ टिकते? म्हटलं, दिवसभर. त्या म्हणाल्या, एकदा घड्याळ लावून बघा.

दुसऱ्या दिवशी निमगाव सोडता सोडता तलफ उठली. घसा कोरडा पडला, छातीत ओढ लागली, हात आपोआप खिशाकडे गेला. गाडी थांबवली नाही. शेळगाव यायच्या आत ती ओसरलीसुद्धा. घड्याळात जेमतेम चार मिनिटं झाली होती. मग मी तलफ गावांवर मोजायला लागलो. अंथुर्ण्यापर्यंत काढू, पुढचं लासुर्ण्याला बघू.

डॉक्टरांनी दोन मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगम दिलं होतं. मी ते साधं च्युइंगम समजून चघळत राहिलो. उचक्या लागल्या, मळमळलं. ते थोडंसं चावायचं, जिभेला झणझणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झणझण गेली की पुन्हा चावायचं. असं करायला लागल्यावर उपयोग झाला.

चहाचं मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. हात थरथरायचे, छाती धडधडायची, मी सगळं तलफेच्या माथी मारत होतो. पुढच्या खेपेला डॉक्टरांनी उलगडून सांगितलं: सिगारेटच्या धुरामुळे चहातलं कॅफीन शरीरातून लवकर निघून जातं. धूर बंद झाला की तोच चहा जास्त चढतो. सहा कपांचे तीन केले आणि झोप लागायला लागली. सिगारेट सोडणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

पाळीतला एक जण मायेनं म्हणाला, निमगावची एवढी चांगली पानं मिळतात, तंबाखू घालून एक लाव, धूर तरी नाही. पण निकोटीन तेच. मी नुसती बडीशेप घेतली.

चौथ्या आठवड्यात दुसरी पाळी संपवून निघालो होतो. भवानीनगरला ट्रॉल्यांची रांग लागलेली. मळीचा आंबूस, उग्र वास एकदम नाकात शिरला. इतक्या वर्षांत तो एवढा कधी आलाच नव्हता. मी गाडी बंद करून तसाच श्वास घेत उभा राहिलो.

घरी लेक जागी होती. जवळ आली, शर्टाला नाक लावलं आणि म्हणाली, "पप्पा, कारखान्याचा वास येतोय."